बारीक आवाज

गाडी रडत होती आणि नवरा शीळ घालत होता.

अंगणातून ट्रक बाहेर काढताना त्याने स्टेअरिंग डावीकडे पार टोकापर्यंत वळवलं, तेव्हा पुढून, इंजिनाच्या पोटातून, एक बारीक लांबलचक आवाज निघाला. उपाशी पोर रडून रडून दमल्यावर काढतं तसा. चाकं सरळ झाली आणि आवाज विरला. शेजारच्या सीटवर बसलेल्या बायकोने पाय खालच्या फळीला टेकवले. तिने नवऱ्याकडे पाहिलं. स्वारी मजेत होती.

"बघ," तो म्हणाला, "म्हटलं नव्हतं? तेल कमी होतं. तेल घातलं, घरघर बंद."

घरघर बंद झाली होती हे खरं. गेल्या आठवड्यात वळताना स्टेअरिंगखालून जाड घरघर यायची, तीही तिला त्याच्या आधी ऐकू आली होती. मग एका सकाळी तो स्वतःच म्हणाला की काहीतरी घरघरतंय. त्याने बॉनेट उघडलं, स्टेअरिंगच्या तेलाची डबी उघडली, तेल खाली गेलेलं पाहिलं आणि पडवीतल्या कॅनमधलं इंजिनाचं तेल त्यात ओतलं. तेल ते तेल. त्या दिवसापासून जाड आवाज गेला आणि त्याच्या जागी हा बारीक आला. तो दिवसेंदिवस वर चढत होता. आणि नवऱ्याला तो ऐकू येत नव्हता, कारण नवऱ्याला बारीक असं काहीच ऐकू येत नव्हतं.

अर्धं आयुष्य दगड फोडायच्या यंत्रांशेजारी उभं राहून काढल्यावर त्याच्या कानांतून आधी पाखरं गेली, मग कुकरची शिट्टी, मग छोट्या गाड्यांचे हॉर्न. जाड आवाज तेवढे उरले. मागून कोणी हॉर्न दिला की ती दारावर थाप मारायची, कोणाला पुढे जाऊ द्यायचं असलं की दोन थापा. हे कधी ठरलं हे दोघांनाही सांगता आलं नसतं. क्लीनर परवडत नाही म्हणून बायको बरोबर येते, असं लोकांना सांगितलं जाई, आणि घरातही तेच बोललं जाई. तिचा आवाज लग्नात गोड म्हणून नावाजलेला. आता ती छातीतून जाड आवाज काढून बोलायची. सासूबाई म्हणायच्या, सून म्हणून आणली, घरी येऊन हवालदार झाली.

खाणीवर त्याला सगळे नवाब म्हणत. हाक मारली तरी मान वळवत नाही, विचारलं तरी उत्तर देत नाही, म्हणून नवाब. त्यालाही ते नाव आवडलं होतं. तो छाती पुढे काढून चालायला लागला होता, वरचं बटण लावायला लागला होता. लोकांनी माजोरडा म्हटलेलं त्याला चालत होतं. दुसरा शब्द चालला नसता, आणि तो शब्द त्या घरात कोणी काढला नव्हता.

म्हणून ती बारीक आवाजाबद्दल काही बोलली नाही. बोलायचं तर सुरुवात कुठून करायची?

गेल्या साली नदीने काठ फोडला होता आणि पाणी खालच्या गल्ल्यांत शिरलं होतं. त्यांच्या घराच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर अजून मातीची रेघ होती. यंदा पाणी चढायच्या आत दगडी बांध उभा करायचा, म्हणून डोंगरावरच्या खाणीतून ट्रकांची रांग दिवसभर खाली-वर चालली होती. रांगेचा नियम कडक. ज्याची गाडी बंद पडली त्याचा नंबर गेला, आणि गेलेला नंबर पुन्हा कोणी देत नव्हतं.

त्या दिवशी पहिलीच फेरी भरून ते उतरणीला लागले. दगड मोठे होते, हौदा काठोकाठ भरलेला. वरच्या दोन वळणांवर आवाज आला, पण सवयीचा. तिने पदर तोंडाशी धरला होता, धुळीसाठी. तिसरं वळण आंधळं. उजवीकडे खडक, डावीकडे काहीच नाही, खाली कोरडा ओढा आणि त्यात मागच्या कोणाच्या तरी गाडीचा गंजलेला सांगाडा. तिथे समोरून काही येतं का हे दिसत नाही, ऐकावं लागतं.

ती कान देऊन बसली. समोरून काही नव्हतं. त्याने दुसरा गिअर टाकला, स्टेअरिंग वळवायला घेतलं आणि आवाज एकदम किंचाळीसारखा वर गेला. मग तो तुटला. तुटल्याबरोबर स्टेअरिंग अडकलं.

अडकलं म्हणजे पार थांबलं नाही, जड झालं. दगडाच्या जात्यासारखं. नवरा सीटवरून अर्धा उठला, त्याने दोन्ही हातांनी चाक खाली ओढलं, त्याच्या मानेच्या शिरा टरारल्या. गाडीचं नाक डावीकडेच चाललं होतं. पुढच्या चाकाखालची खडी सुटली आणि काठावरून खाली घरंगळली. ती दिसली नाही, नुसती ऐकू आली.  मग इंजिनाच्या पोटात पुन्हा कसला तरी गुरगुराट झाला, स्टेअरिंग एकाएकी हलकं झालं आणि गाडी हिसका देऊन खडकाच्या बाजूला वळली. मागे दगड एकमेकांवर आदळले.

वळण संपल्यावर त्याने गाडी कडेला घेतली. ब्रेक ओढला. दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून बसला. 

"माल पुढे आलाय," तो म्हणाला. "भरणारे आंधळे आहेत. सगळं वजन पुढे टाकतात."

"हो," ती जाड आवाजात म्हणाली.

त्याने बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं आणि गाडी पुन्हा काढली.

खाली नदीकाठी माल उतरवताना मुकादम आला. बुटका माणूस, गळ्यात शिट्टी, आवाज त्या शिट्टीपेक्षा बारीक. नवरा मागच्या टायरशी वाकून हवा बघत होता. मुकादम त्याच्या पाठीशी उभा राहिला.

"नवाब, गाडी रडतेय तुझी. उपाशी ठेवतोस काय तिला?"

नवरा टायर बघत राहिला. हमाल हसले.

"बघा, हुजूर मागे वळायला तयार नाहीत," एक हमाल म्हणाला. "आधी पायघड्या घाला, मग बोला."

ती लगबगीने पुढे झाली. "दाखवतोय मिस्त्रीला. इंजिनाचा पट्टा सैल झालाय थोडा."

"वहिनी, तुम्हाला नाही विचारलं. त्याला विचारलं." मुकादम वैतागला होता. "आणि ऐका, तुम्हीच सांगा त्याला, माझ्याशी तर तो बोलत नाही. उद्याचा दिवस रांग बंद आहे, वरचा रस्ता नीट करतायत. परवा साहेब तपासणीला येणार. परवापासून केबिनमध्ये एकच माणूस. ड्रायव्हर. दुसरं कोणी दिसलं तर मलाच घरी बसवतील."

"पण आम्ही तर कायमच..."

"कायमचं झालं ते. परवापासून नाही."

तो शिट्टी फुंकत पुढच्या गाडीकडे गेला. नवरा टायरपासून उठला, हात पँटीला पुसले आणि तिला विचारलं, "काय म्हणतोय बुटका?"

"उद्या रांग बंद आहे म्हणतोय," ती म्हणाली. बाकीचं तिच्या तोंडातून निघेना.

त्या दिवशीच्या उरलेल्या फेऱ्या तिने कशा काढल्या हे तिचं तिला माहीत. प्रत्येक वेळी तिसरं वळण आलं की ती दाराची कड धरून बसायची. तो एकटा या वळणावर येईल, समोरून कोणी हॉर्न देत असेल, आणि हा शीळ घालत असेल. ते चित्र डोळ्यांपुढून हलेना. शेवटच्या फेरीला स्टेअरिंग पुन्हा जड झालं, पण या वेळी तो तयारीत होता आणि गाडी जवळजवळ चालत होती.

घरी सासूबाई ओट्याशी बसून दोरीला गाठी मारत होत्या. नवरा आंघोळीला गेल्यावर ती त्यांच्यापुढे बसली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. बारीक आवाज, वळण, खडी, मुकादमाचा नियम.

सासूबाईंनी दोरी खाली ठेवली. "तू त्याला सांगितलंस का, की तुला आवाज येतोय?"

"कसं सांगू? मला येतोय म्हटलं की तुम्हाला येत नाही, असंच म्हटल्यासारखं होतं."

"मी आई आहे, मी सांगितलं तर तो चिडेल. तू सांगितलंस तर खचेल." म्हातारीने दोरी पुन्हा उचलली आणि एक गाठ आवळली. "मिस्त्री परका आहे. परक्यापुढे माणूस चिडतही नाही आणि खचतही नाही. त्याच्याकडे घेऊन जा."

"ते येणार नाहीत. उद्या सुट्टी आहे तर झोपून काढतो म्हणाले."

"येत कसा नाही?" सासूबाई उठल्या, खुंटीवरची गाडीची किल्ली काढली आणि कमरेला खोचली. नवरा डोकं पुसत बाहेर आला तेव्हा त्या उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी तोंड त्याच्यापुढे नेऊन सांगितलं, "गाडी वळणावर अडकली म्हणे. किल्ली माझ्या कमरेला आहे. सकाळी मिस्त्रीकडे जायचं असेल तर माग, नाहीतर चालत जा खाणीवर."

त्याने बायकोकडे पाहिलं. बायको तांदूळ निवडत होती.

मिस्त्रीचं गॅरेज हमरस्त्याच्या कडेला होतं. चार खांब, वर पत्रा, खाली तेल पिऊन काळी झालेली जमीन. मिस्त्री जाडजूड, आवाजानेही जाड, बोलका, कामाआधी चहा पिणारा आणि कामानंतरही. त्याने दोघांना बसायला जुना टायर दिला. नवरा बसला नाही.

"बोल नवाब. काय दुखतंय हिला?"

"स्टेअरिंग. वळताना जड होतं मधेच."

"आवाज?"

"होता. घरघर होती. तेल घातलं, गेली."

"आता काहीच नाही?"

"काहीच नाही."

मिस्त्रीने मान डोलावली. बॉनेट उघडलं. स्टेअरिंगच्या पंपाचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला, नखाने खरवडला, वास घेतला. "पट्टा बरा आहे. ताणही बरोबर आहे. बस वर, चालू कर, आणि सांगेन तसं फिरव."

नवरा केबिनमध्ये चढला. गाडी चालू झाली. मिस्त्रीने हाताने खूण केली आणि स्टेअरिंग फिरलं. बारीक आवाज पत्र्याखाली घुमला. तो इतका वर गेला की रस्त्यापलीकडचं कुत्रं उठून उभं राहिलं. स्टेअरिंग टोकाला टेकलं तेव्हा मिस्त्रीने दात आवळले.

नवऱ्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

"बघा," तो म्हणाला. "आवाज आहे का काही?"

मिस्त्री त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने टायरवर बसलेल्या बाईकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. तिला वाटलं जमीन फाटावी आणि आपण टायरसकट आत जावं.

 मिस्त्रीने हत्यारांतून हातभर लांबीचा पेचकस काढला, त्याचं टोक पंपावर टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. थोडा वेळ ऐकलं. मग टोक खालच्या स्टेअरिंग बॉक्सवर टेकवून ऐकलं. "बॉक्स ठीक आहे," तो पुटपुटला. "ओरडतोय तो पंप." मग त्याने हाताने नवऱ्याला खाली बोलावलं, पेचकस त्याच्या हातात दिला आणि पंपाकडे बोट केलं.

नवरा वाकला. मूठ कानामागे लावली. एका कानाला लावली, मग दुसऱ्या. डोळे मिटले. इंजिन चालू होतं, त्याचे खांदे हलत होते, आणि तो तसाच वाकून राहिला. तिला त्याची पाठ दिसत होती. शर्ट घामाने चिकटला होता. हा एवढा वेळ काय करतोय, असं तिला वाटलं, आणि मग कळलं. तो आवाज शोधत होता.

तो सरळ झाला. पेचकस मिस्त्रीकडे दिला.

"मला नाही येत काही," तो म्हणाला.

एवढंच. तो खांबाशेजारच्या पाण्याच्या पिंपाकडे गेला आणि हात धुवायला लागला. हात स्वच्छ होते. मग तो रस्त्याच्या कडेपर्यंत चालत गेला आणि त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला. गाड्या जात होत्या, येत होत्या. तिला भीती वाटली की हा आता एखाद्या गाडीत बसून निघून जाईल.

"बरं," मिस्त्री म्हणाला. त्याने गाडी बंद केली. "मग वहिनी, तुम्ही सांगा. आवाज कधी येतो? उभ्या गाडीत की चालत्या?"

"दोन्ही." तिचा स्वतःचा आवाज, तो जुना बारीक, तिलाच अनोळखी वाटला. "उभी असली आणि चाक टोकाला दाबून धरलं की जास्त."

"सकाळी जास्त की तापल्यावर?"

"सकाळी बारीक आणि लांब. तापल्यावर तुटक. तुटला की जड होतं."

"घरघर होती ती कधी गेली?"

"त्यांनी तेल घातलं त्याच दिवशी. इंजिनाचं घातलं. त्या दिवसापासून हा सुरू झाला."

मिस्त्रीने कपाळावर हात मारला आणि तेलाच्या डबीचं झाकण उघडलं. आत तेल कुठे दिसेना. साबणाच्या पाण्यावर येतो तसा फेस होता, मळकट, लालसर. त्याने बोट बुडवून चोळलं.

"हे बघा. हिचं तेल पातळ, लाल. त्यात हे जाड तेल पडलंय. खालची जाळी आधीच तुंबली असणार, त्यात हे. पंपाला ओढायला दम लागतोय. आणि फेस म्हणजे हवा. कुठूनतरी हवा आत जातेय."

"पण तेल तर कुठे गळत नाही. मी रोज खाली बघते."

"गळणार नाही. डबीतून पंपाकडे जाणारा पाइप ओढणारा आहे. त्याला भेग पडली तर तेल बाहेर येण्याआधी हवा आत जाते. पंपाच्या तोंडात तेलाऐवजी हवा आली की तो ओरडतो, आणि फारच आली की हात टेकतो. तेव्हा तुमचं स्टेअरिंग जड."

तो गाडीखाली सरपटला. त्याचे पाय तेवढे बाहेर राहिले. बराच वेळ कुरकूर, ठकठक. मग पाय सरकले, तो बाहेर आला आणि हातातला रबरी पाइप त्याने तिच्यापुढे वाकवला. क्लिपखालची जागा उघडली, ओठांसारखी.

ती त्या भेगेकडे बघत राहिली. नखाएवढी भेग. एवढ्याशा भेगेपायी दोघं ओढ्यात पडलो असतो, हे तिच्या ध्यानात आलं.

जुनं तेल काढलं. डबीतली जाळी काढली, तिच्यावर काळा गाळ थापलेला. नवी जाळी बसवली, नवा पाइप मापाने कापला, दोन्ही टोकांना क्लिप आवळल्या. थोडं नवं तेल घालून आधी सगळं धुऊन काढलं. मग गाडीचा पुढचा भाग जॅकवर उचलला, चाकं जमिनीपासून सुटली.

"आता हवा काढायची," मिस्त्री म्हणाला. "एकाने स्टेअरिंग फिरवायचं, इंजिन बंद ठेवून. एकाने डबीत बघायचं आणि तेल घालत राहायचं. मी खालून बघतो. तिसरं माणूस पाहिजे."

ती रस्त्याकडे चालत गेली आणि नवऱ्यापुढे जाऊन उभी राहिली. त्याचे डोळे लाल होते. धूळ खूप होती.

"चला," ती म्हणाली. "हात लागतोय तुमचा."

तो आला. केबिनमध्ये चढला. या टोकापासून त्या टोकापर्यंत स्टेअरिंग फिरवत राहिला, सावकाश, इंजिनाच्या मदतीशिवाय. ती बॉनेटच्या कडेला स्टुलावर उभी राहून डबीत बघत होती. बुडबुडे येत होते. मोठे, मग लहान. तेल खाली जाई, ती वरून ओतायची. मिस्त्रीने इंजिन चालू करायला सांगितलं. "टोकाला दाबून धरू नको म्हणावं," तो खालून ओरडला, आणि तिने हाताने तसं दाखवलं. फेस आला. मग कमी झाला. मग नुसतं तेल उरलं, लाल, स्थिर, तळ दिसेल असं.

आवाज एकदा कुरकुरला, गुरगुरला आणि थांबला. इंजिनाची धडधड तेवढी राहिली.

नवऱ्याने काचेतून तिच्याकडे पाहिलं. लग्नापासून त्याने तिला कधी असं पाहिलं नव्हतं, परवानगी मागितल्यासारखं. त्याने विचारलं नाही, नुसत्या भुवया वर केल्या. तिने मान हलवली. गेला.

परत येताना तिने गाडी रस्त्याच्या कडेला थांबवायला लावली आणि मुकादमाचा नियम सांगितला. त्याच्या तोंडापुढे तोंड नेऊन, एकेक शब्द सुटा करून. त्याने पूर्ण ऐकलं.

"बरं," तो म्हणाला, आणि गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी केबिनमध्ये चढली. त्याने अडवलं नाही. सासूबाई दारात उभ्या राहिल्या. वरपर्यंत गाडी रिकामी, स्टेअरिंग लोण्यासारखं फिरत होतं. तिला त्याचा आनंद व्हायला हवा होता, पण तिच्या डोक्यात वर उभा असलेला मुकादम होता.

खाणीवर मुकादमाने तिला बघताच शिट्टी फुंकली. "वहिनी, उतरा. सांगितलं होतं ना?"

ती उतरली. दगड भरले जात होते तोवर ती मातीच्या ढिगाशेजारी उभी राहिली. त्याने केबिनमधून एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही. हा जाणार, तिला कळून चुकलं. वरचं बटण लावून, छाती काढून हा एकटा जाणार, आणि मला इथून पायी खाली जाताना तिसऱ्या वळणावर काय दिसेल ते दिसेल. ओरडावं असं वाटलं. ओरडून त्याला ऐकू आलं नसतं.

नंबर आला. गाडी हलली, चार हात पुढे गेली. मागच्या ट्रकने हॉर्न दिला, पुढे हो म्हणून. मग आणखी जोरात दिला. आणि गाडी थांबली. इंजिन बंद झालं.

तो उतरला. किल्ली हातात घेऊन मुकादमासमोर येऊन उभा राहिला. रांगेतले ड्रायव्हर खिडक्यांतून वाकून बघायला लागले.

"मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. फार मोठ्याने, कारण आपला आवाज किती मोठा आहे हे त्याला कळत नव्हतं. "मागचा हॉर्न येत नाही, समोरचा येत नाही. ती ऐकते, मी चालवतो. ती नसली तर ही गाडी मी त्या वळणावर नेणार नाही."

कोणी हसलं नाही. मुकादमाच्या तोंडावरचा रंग उडाला. गेले कित्येक महिने ही गाडी त्याच्या रांगेत खाली-वर करत होती, हे त्याच्या डोक्यात तेव्हा शिरत असावं.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

नवऱ्याने त्याच्या ओठांकडे नीट पाहिलं. "तुम्ही मला नवाब म्हणायला लागलात तेव्हापासून."

मुकादमाने टोपी काढली, घातली. मागचे हॉर्न वाढले. "गाडी बाजूला घे," तो शेवटी म्हणाला. "माल उतरव. या उतरणीवर तू मला नको. साहेबांना कळलं तर तू गेलास, मीही गेलो." मग तिच्याकडे वळून, आवाज खाली आणून, "खाली काठावर दगड पसरायला गाडी लागते. सपाटी आहे, वेग नाही. नवाबाला मानवत असेल तर यायचं. तिथे तुम्ही बसलात काय आणि नाही बसलात काय."

माल उतरवायला हमालांनी मुद्दाम वेळ लावला. कोणीतरी मागून नवं नाव घेऊन हाक मारली, तो दुसरा शब्द, आणि बाकीचे फिदीफिदी हसले. नवऱ्याने ऐकलं नाही. तिने ऐकलं. उद्यापासून तेच नाव राहणार हेही तिला कळलं.

रिकामी गाडी घेऊन ते उतरणीला लागले. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्यावर त्याने गाडी अगदी हळू घेतली. समोरून काही येत नव्हतं. स्टेअरिंग त्याच्या हातात सहज फिरलं, खडक जवळ आला, मागे पडला. आवाज कुठे नव्हता. वळणापलीकडे त्याने गाडी थांबवली आणि तिच्याकडे वळून बसला, तिचं तोंड दिसेल असा.

"किती दिवस येत होता तो आवाज?"

"तेल घातल्यापासून."

"म्हणजे इतके दिवस तू घाबरून बसत होतीस."

"हो."

"मीही," तो म्हणाला.

"तुम्ही कशाला? तुम्हाला तर येतच नव्हता."

"मला तू येत होतीस." त्याने खाली बोट दाखवलं. "तुला ऐकू येतं ते मला तुझ्या पायांवरून कळतं. काही नसलं की ते सैल असतात, चपला निघालेल्या असतात. गेले इतके दिवस तू चपला काढल्याच नाहीस. काहीतरी आहे एवढं मला रोज कळत होतं. काय आहे ते विचारायची छाती होत नव्हती."

तिने खाली पाहिलं. गाडी उभी होती, ब्रेक ओढलेला होता, वळण मागे पडलं होतं. तिचे दोन्ही पाय फळीला घट्ट टेकलेले होते, बोटं चपलांत रुतलेली. तिने ते सैल सोडायचा प्रयत्न केला. तो बघत होता, म्हणून तिने पुन्हा केला. जमलं नाही.